आयसीयूतल्या सिस्टरपासून युनिटच्या प्रमुखापर्यंत: पुण्यात ही वाट कशी चालायची

रात्रीचे अडीच वाजलेत. बारा बेडच्या आयसीयूत अकरा पेशंट, त्यातले सात व्हेंटिलेटरवर. इनचार्ज धरून दहा जणी ड्युटीवर होत्या, पण एकीला उलट्या सुरू झाल्या म्हणून तिला घरी पाठवावं लागलं. तेवढ्यात कॅज्युअल्टीचा फोन येतो: सिंहगड रस्त्यावरचा अपघात, ट्यूब टाकलीय, बेड द्या. रेसिडेंट डॉक्टर बेड पाचवर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकण्यात अडकलेत. आता नवा पेशंट कोण घेईल, कोणाचा पेशंट कोणाकडे जाईल, कॅज्युअल्टीला "लगेच आणा" म्हणायचं की "वीस मिनिटं द्या", हे सगळं त्या मजल्यावरची एक सिस्टर ठरवते. तिच्या बिल्ल्यावर बहुतेक वेळा नुसतं 'स्टाफ नर्स' लिहिलेलं असतं.

मी सोलापूर जिल्ह्यातून जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून पुण्यात आले, तेव्हा नेतृत्व म्हणजे मेट्रनची (नर्सिंग प्रमुखाची) केबिन असं मला वाटायचं. पुढे त्या केबिनपर्यंत पोचले आणि कळलं की खरी परीक्षा त्या अडीच वाजताच्या फोनवर होऊन गेलेली असते. 'माझा पेशंट' बघणारी नजर 'माझं युनिट' बघायला लागते, तिथून ही वाट सुरू होते. पद त्यानंतर मिळतं, कधी कधी फार उशिरा मिळतं. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरहून पुण्यात येऊन आयसीयूत रुजू होणाऱ्या मुलामुलींना ही वाट कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पायऱ्या कुठल्या, ते

खासगी रुग्णालयात साधारण क्रम असा: स्टाफ नर्स, सीनियर स्टाफ नर्स, शिफ्ट इनचार्ज किंवा टीम लीडर, युनिट इनचार्ज, नर्सिंग सुपरवायझर, असिस्टंट नर्सिंग सुपरिटेंडेंट, नर्सिंग सुपरिटेंडेंट. मोठ्या रुग्णालयात त्याच्याही वर चीफ नर्सिंग ऑफिसर. नावं रुग्णालयागणिक बदलतात. त्यामुळे नोकरी स्वीकारताना पदाचं नाव ऐकून थांबू नका. "माझ्या हाताखाली किती जणी, रोस्टर कोण करणार, सुट्टी कोण मंजूर करणार, मी पेशंट घ्यायचा की नाही" एवढे चार प्रश्न विचाराच. एका ठिकाणची 'टीम लीडर' दुसऱ्या ठिकाणच्या सीनियर स्टाफएवढीच असते.

सरकारी बाजूला अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी उतरंड आहे. तिथे सेवाज्येष्ठतेला मोठं वजन आहे, त्यामुळे वाट लांब पण पक्की. पुण्यात सरकारी म्हणजे सगळं एकच असं समजू नका. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आणि वायसीएम रुग्णालय पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे. भरती वेगळी, बदलीचे नियम वेगळे. अर्ज करण्याआधी हे समजून घ्या, नाहीतर बदली कुठे होऊ शकते हे नेमणुकीनंतर कळतं.

कागद

यावर फार लिहीत नाही, पण इथेच चांगल्या चांगल्या मुली अडकतात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू हवी. तिचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी सीएनईचे (नोकरीत असताना सुरू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या नोंदणी प्रणालीतला तुमचा राष्ट्रीय क्रमांक, म्हणजे एनयूआयडी, काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र, आधार, नोंदणी या सगळीकडे एकच नाव करून घ्या. बीएलएस आणि एसीएलएस या जीवरक्षक उपचारांच्या प्रमाणपत्रांची मुदत २ वर्षं असते, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने संमत केलाय. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे, तेव्हा नियमांमध्ये पुढे बदल होत राहतील. परिषदेच्या सूचना वाचायची सवय आत्ताच लावा.

पहिली तीन वर्षं घाई करू नका

दीड वर्षात इनचार्ज करतो म्हणणारी लहान रुग्णालयं पुण्यात भेटतात. माझा सल्ला: थांबा. आयसीयूत पहिली तीन वर्षं हात आणि डोळे तयार करायची असतात. डोळे म्हणजे काय, ते सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. तेव्हा पुण्यातल्या आयसीयूंमध्ये ज्यांनी काम केलं त्यांना आठवेल. पेशंट पूर्ण शुद्धीत, पण हातपाय हलत नाहीत, तोंडात ट्यूब, बोलता येत नाही. असे पेशंट आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर असतात. मॉनिटर शांत दिसतो, आणि सक्शन करताना हार्ट रेट एकदम चाळिशीत उतरतो. कारण या आजारात स्वायत्त मज्जासंस्थाही बिघडलेली असते. ज्या सिस्टरला हे माहीत आहे, ती सक्शनआधी ऑक्सिजन वाढवते, एक डोळा मॉनिटरवर ठेवते, सक्शन थोडक्यात आटपते आणि ॲट्रोपिन कुठे आहे ते आधीच बघून ठेवते. डोळे मिटत नसतील तर ड्रॉप आणि पट्टी. दर दोन तासांनी कूस बदलणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पापणीच्या हालचालीवर 'हो' आणि 'नाही' ठरवून घेणं, पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून एकेक अक्षर दाखवणं. असा एक पेशंट पूर्णपणे सांभाळला की व्हेंटिलेटर, त्वचा, पोषण, वेदना, भीती, नातेवाईक हे सगळं एकाच जागी शिकायला मिळतं.

या काळात एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचता आलं पाहिजे. व्हेंटचा अलार्म पेशंटमुळे आहे की सर्किटमुळे, हे ओळखता आलं पाहिजे. आरएएसएस (पेशंट किती गुंगीत किंवा अस्वस्थ, त्याचं मोजमाप) -५ ते +४ मध्ये कुठे, जीसीएस (शुद्धीचं मोजमाप) १५ पैकी किती, ब्रॅडेनचा (बेडसोरच्या धोक्याचा) स्कोअर १८ किंवा त्याखाली गेलाय का, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन, नॉरॲड (रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनालिन) ही औषधं दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय सुरू न करण्याची सवय अंगात मुरली पाहिजे. डॉक्टरांच्या राउंडला पेशंटच्या उशाशी उभं राहून एक तरी प्रश्न रोज विचारा. "सर, आज फोली काढायची का?" हा लघवीची नळी काढण्याचा प्रश्न छोटा वाटतो, पण मूत्रमार्गाचं इन्फेक्शन टाळायला तो फार उपयोगी आहे.

मला तिसऱ्याच वर्षी नाइटची शिफ्ट सांभाळायला दिली. मी सगळ्यात सीरियस पेशंट स्वतःकडे घेतला, कारण तो मलाच नीट जमेल असं वाटत होतं. दोन तास मी त्याच्या पडद्याआड होते. तिकडे बेड नऊवर नव्या मुलीच्या पेशंटची नॉरॲडची सिरिंज संपत आली होती. या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत उतरतो. तिने दुसरी सिरिंज तयार केलेली नव्हती, आणि कोणाला हाक मारायची तेही तिला कळेना. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, चाळिसाच्या आत गेलं. पेशंट सावरला. पण त्या रात्री चूक माझी होती, तिची नव्हती. शिफ्ट माझ्याकडे होती आणि मी एका बेडची नर्स होऊन बसले होते.

कुठला कोर्स, आणि कधी

जीएनएम झालेल्यांनी पोस्ट बेसिक बीएस्सी टाळू नये. दोन वर्षांचा कोर्स आहे, आणि सुपरवायझरच्या वरच्या पदांच्या जाहिरातींत बहुतेक ठिकाणी पदवी मागतात. माझ्या बरोबरीच्या दोघी कामात माझ्याहून सरस होत्या, पण पदवी नाही म्हणून युनिट इनचार्जवर थांबल्या. याचं मला आजही वाईट वाटतं.

बीएस्सी झालेल्यांपुढे तीन रस्ते आहेत. पहिला, क्रिटिकल केअरमधला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. नोकरीतून फार काळ बाहेर न पडता विषयातली पकड वाढवायची असेल तर हा चांगला. क्रिटिकल केअर डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयएससीसीएमचा, नर्सेससाठी वेगळा डिप्लोमाही आहे. दुसरा, एमएस्सी नर्सिंग. दोन वर्षांचा, प्रवेशासाठी बीएस्सीनंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. तिसरा, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, हाही दोन वर्षांचा, पण रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे बहुतांश वेळ थेट आयसीयूत. हा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात आणला.

माझं मत विचाराल तर: ज्यांना बेडसाइड सोडवत नाही त्यांनी तिसरा रस्ता बघावा. मात्र प्रवेशाआधी, ज्या रुग्णालयात पुढे काम करायचंय तिथे हे पद मंजूर आहे का, ते लेखी विचारा. काही ठिकाणी कोर्स करून आलेली मुलगी परत स्टाफ नर्सच्याच पगारावर उभी राहते. एमएस्सी केल्यावर कॉलेजात शिकवायची ओढ वाढते, तासही घरच्यांना सोयीचे असतात. ती वाटही चांगलीच आहे. पण युनिट चालवायचं असेल तर एमएस्सीनंतर लगेच पुन्हा आयसीयूत या. दोन-चार वर्षं बाहेर राहिलात तर मशिन बदललेली असतात आणि मुली तुमचं ऐकताना कचरतात.

पुण्यात शिकण्याची सोय भरपूर आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं आहेत, भारती विद्यापीठ, सिंबायोसिस, डी. वाय. पाटील यांची स्वतःची नर्सिंग महाविद्यालयं आहेत, सैन्याचं एएफएमसी आहे. कॉलेज निवडताना एकच गोष्ट बघा: त्यांच्या रुग्णालयात आयसीयूचे किती बेड चालू आहेत आणि विद्यार्थ्याला तिथे खरंच काम मिळतं का. व्यवस्थापनाची पदविका मात्र इनचार्ज झाल्यावर करा. त्याआधी केली तर त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं.

शिफ्ट हातात आली की

आता सुरुवातीच्या त्या रात्रीकडे येऊ.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक सिस्टर आणि बाकीच्या आयसीयू पेशंटना दोघांमागे एक, हे सर्वमान्य प्रमाण. एनएबीएचचे, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेचे, लोक तपासणीला आले की तेही हेच बघतात. सात व्हेंट म्हणजे सात, उरलेल्या चौघांना दोन, एकूण नऊ, आणि दहावी इनचार्ज. एक घरी गेली म्हणजे बेडपाशी आठच राहिल्या, आणि आता आठवा व्हेंट येतोय. म्हणजे दहा हातांचं काम, हातात आठ.

पहिलं काम फोनचं. नाइट सुपरवायझरला लगेच सांगा. "स्टाफ कमी आहे" हे रोजचं गाऱ्हाणं झालं. "मला एचडीयूतून व्हेंट सांभाळू शकेल अशी एक सिस्टर सकाळपर्यंत हवी" असं नेमकं मागा (एचडीयू म्हणजे आयसीयूच्या खालोखालचा विभाग). दुसरं, सातही व्हेंट सारखे नसतात. ट्रॅकिओस्टॉमी झालेले (गळ्यातून श्वासाची नळी घातलेले), नॉरॲड नसलेले, वीनिंगवर (व्हेंटिलेटर हळूहळू सोडवण्याच्या टप्प्यावर) असलेले दोन पेशंट शेजारशेजारी असतील तर ते एका अनुभवी सिस्टरकडे द्या. हे प्रमाण मोडणं आहे, ते जाणून करा, रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहा आणि सुपरवायझरला सांगितल्याचंही लिहा. तिसरं, मोकळी झालेली सिस्टर नव्या पेशंटला. नवी मुलगी असेल तर तिला तो पेशंट देऊ नका. तिला स्थिर पेशंट आणि शेजारी जुनी जाणकार सिस्टर. चौथं, कॅज्युअल्टीला "वीस मिनिटं द्या, आणि येताना तुमची सिस्टर पहिला अर्धा तास इथे थांबू दे" म्हणून सांगा. व्हेंट लावून तपासलेलं, सक्शन चालू, पंप तयार, आणि मग पेशंट आत. ज्याची सकाळी वॉर्डात शिफ्टिंगची ऑर्डर आहे त्याला रात्री तीनला हलवण्याचा मोह होईल. वॉर्डात रात्री एकेका सिस्टरकडे खूप पेशंट असतात, म्हणून अगदी नाइलाज असेल तरच, आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासल्यावरच.

आणि तुम्ही स्वतः? पेशंट घेऊ नका. घ्यावाच लागला तर सगळ्यात स्थिर घ्या.

प्रत्येक शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या तासात स्वतःचा एक फेरा मारायची सवय लावा. प्रत्येक बेडपाशी मिनिटभर. ट्यूब किती सेंटिमीटरवर फिक्स आहे, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का, चालू औषधाची पुढची सिरिंज तयार आहे का, अलार्मच्या मर्यादा कोणी बंद तर केल्या नाहीत ना. मग क्रॅश कार्टचं सील, डिफिब्रिलेटरची चाचणी, ऑक्सिजनच्या बॅकअप सिलिंडरचा काटा. हा फेरा झाला की पुढच्या आठ-बारा तासांत कुठल्या बेडवर घात होऊ शकतो याचा अंदाज येतो. मी असे दोन बेड एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायची आणि शिफ्ट संपताना अंदाज खरा ठरला का ते बघायची. वर्षभरात नजर बसली.

ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती, बेडपाशीच द्या-घ्या, काउंटरवर नको.

डॉक्टरांना रात्री फोन कसा करायचा हेही मुलींना शिकवावं लागतं. "सर, बेड सहाचं बीपी कमी आहे" एवढ्यावर झोपेतला माणूस "फ्लुइड द्या" म्हणून फोन ठेवतो. त्याऐवजी असं: "सर, आयसीयूतून शिफ्ट इनचार्ज बोलतेय. बेड सहाचे काका, न्यूमोनिया, सेप्सिस. ऑर्डरप्रमाणे नॉरॲड वाढवूनही मीन अर्ध्या तासात ७० वरून ५८ वर आलंय. दोन तासांत युरिन २० मिली. लॅक्टेट सकाळी २ होतं, आता ४.८. मला शॉक वाढल्यासारखा वाटतोय. तुम्ही येऊन बघायला हवं. तोवर व्हॅसोप्रेसिन काढून ठेवू का?" परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण, मागणी. या पद्धतीला एसबीएआर म्हणतात. 'मला वाटतंय' हे शब्द उच्चारायला आमच्या पिढीला फार वर्षं लागली. तुम्ही पहिल्या दिवसापासून उच्चारा, पुराव्यासकट.

आकडे स्वतः मोजा

युनिट इनचार्ज होण्याआधी वर्षभर एखादा निर्देशांक स्वतःकडे मागून घ्या. सेंट्रल लाइनच्या इन्फेक्शनचा घ्या, तो सगळ्यात जास्त शिकवतो. रोज ठरलेल्या वेळी, समजा दुपारी बाराला, किती पेशंटना सेंट्रल लाइन आहे ते मोजायचं. तीन महिन्यांची बेरीज ६४० आली आणि इन्फेक्शन झालेले दोन असतील, तर दोनला ६४० ने भागून हजाराने गुणायचं: ३.१. म्हणजे हजार लाइन-दिवसांमागे तीन. तीच दोन इन्फेक्शन ३२० लाइन-दिवसांत झाली असती तर दर ६.२ च्या वर गेला असता. नुसते "दोनच झाले" म्हणणं फसवं असतं, ते यामुळे.

आकडा हातात आला की कारण शोधायला जमिनीवर उतरा. आमच्याकडे एकदा पेशंटने स्वतःच ट्यूब ओढून काढण्याचे प्रकार वाढले होते. सगळे म्हणाले, सिडेशन वाढवा. मी प्रत्येक घटनेची वेळ लिहून काढली, तर बहुतेक घटना ओव्हरच्या वेळेतल्या निघाल्या. दोन्ही शिफ्टच्या मुली फाइलमध्ये डोकं घालून उभ्या, आणि पेशंटकडे कोणाचीच नजर नाही. मग नियम केला: ओव्हर देणारीची पाठ पेशंटकडे होता कामा नये, आणि ओव्हरची सुरुवात ट्यूबला हात लावून, खूण बघून करायची. एक पैसा खर्च न करता प्रकार कमी झाले. पुढच्या मुलाखतीत मला याच्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं.

एक इशारा. आकडा चांगला दिसावा म्हणून घटना लपवायचा दबाव येतो, वरूनही येतो, आपल्याच मैत्रिणींकडूनही येतो. चूक नोंदवणाऱ्या मुलीला मेमो दिलात तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही. औषधाची चूक झाली की आधी पेशंट, मग डॉक्टर, मग नोंद, आणि "ही चूक कोणाच्याही हातून का होऊ शकली" यावर बोलणं. सारखी दिसणारी दोन व्हायल एकाच खणात होती का? रात्री एकच सिस्टर सहा पंप बघत होती का?

माणसं

हे सगळ्यात अवघड. काल जिच्याबरोबर डबा खाल्ला तिची सुट्टी आज नामंजूर करायची असते. यावर मला एकच उपाय सापडला: नियम सगळ्यांसमोर, लेखी, आणि पहिल्या महिन्यात स्वतःला लावलेला. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी दोन महिने आधी भिंतीवर लावायची. ज्यांना गणपती मिळाले त्यांना दिवाळी नाही. गणपतीत मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात, विसर्जनाच्या दिवशी इव्हनिंगच्या मुली पोचत नाहीत. त्यांना राहायची सोय करणं हेही इनचार्जचंच काम. केरळच्या सिस्टर असतील तर त्यांच्या ओणम आणि ख्रिसमसचा विचार त्याच यादीत करा. सलग किती नाइट, नाइटनंतर किती तास विश्रांती, हे ठरवा आणि मोडू नका.

वयाने मोठ्या ताई तुमच्या हाताखाली येतील. त्यांना सगळ्यांदेखत चुका दाखवू नका, पण बाजूला घेऊन दाखवाच. "ताई, तुम्ही शिकवलंत तसंच मी करतेय, पण आता प्रोटोकॉल बदललाय" एवढ्याने बऱ्याचदा काम होतं. त्यांच्याकडे नव्या मुलींना शिकवण्याचं काम सोपवा. त्यांच्या हातात वीस वर्षांचं ज्ञान असतं.

नातेवाइकांशी रोज ठरलेल्या वेळी बोलणं होईल अशी व्यवस्था लावा. आयसीयूबाहेर रात्र रात्र खुर्चीत बसणारा माणूस कोणी काहीच सांगत नाही म्हणून चिडतो. हाणामारीची वेळ आलीच, तर आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सुरक्षारक्षकाला कोण बोलावणार, पोलिसांना कोण फोन करणार, पेशंटपाशी कोण थांबणार, हे आधी ठरलेलं हवं.

उपचार थांबवण्याचे निर्णय इनचार्जच्या वाट्याला येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये त्यात केलेल्या सुधारणांनी त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांची रीत घालून दिलीय. पण तो निर्णय झाल्यावर बेडपाशी उभी असते ती तुमच्या युनिटमधली सिस्टर. तिला त्या दिवशी दुसरा सीरियस पेशंट देऊ नका. घरच्यांना पडद्याआड वेळ द्या, तोंडात पाणी घालायचं असेल, तुळशीपत्र ठेवायचं असेल तर ठेवू द्या. आणि शिफ्ट संपताना दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवा. तरुण पेशंट गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन एकट्याने रडलेल्या मुली मी पाहिल्यात. नंतर त्यातल्या काहींनी आयसीयूच सोडलं.

मुलाखत आणि त्याआधीची फाइल

बढती आपसूक मिळेल म्हणून बसू नका, मागा. एक फाइल करा. तुम्ही कुठल्या प्रकारचे पेशंट सांभाळले, किती नव्या मुलींना तयार केलं, कुठला निर्देशांक कितीवरून कितीवर आला, कुठले सीएनई घेतले आणि कुठले दिले. एकेक पान पुरे. मुलाखतीत बहुतेक ठिकाणी प्रसंग विचारतात: दोन कोड ब्लू (हृदय बंद पडल्याची तातडीची हाक) एकदम आले तर? डॉक्टरांची ऑर्डर चुकीची वाटली तर? दोन सिस्टरमध्ये भांडण झालं तर? पुस्तकी उत्तर देऊ नका, झालेला प्रसंग सांगा, आणि त्यात तुमचं काय चुकलं तेही सांगा. मी आता मुलाखतीला समोरच्या बाजूला बसते. स्वतःची एकही चूक न आठवणाऱ्या उमेदवाराला मी युनिट देत नाही.

वर गेल्यावर लागणारं गणित

सुपरवायझर झालात की मनुष्यबळ मागावं लागतं, आणि व्यवस्थापन आकड्यात बोलतं. वरच्याच आयसीयूचं बघा. प्रत्येक शिफ्टला दहा, तीन शिफ्ट म्हणजे तीस. पण एक सिस्टर वर्षाला ३६५ दिवस येत नाही. साप्ताहिक सुट्ट्या ५२, रजा समजा ३०, म्हणजे ती २८३ दिवस येते. ३६५ भागिले २८३ म्हणजे १.२९. तीसला १.२९ ने गुणा, ३९ जणी लागतात. रोस्टरवर तीसच असतील तर रोज कोणाची तरी सुट्टी रद्द होणार, आणि वर्षभरात त्यातल्या कितीतरी नोकरी सोडून जाणार. नव्या मुलीला व्हेंटपाशी एकटीने उभं करायला काही महिने जातात, त्या काळाचा पगार आणि शिकवणाऱ्या सिस्टरचा वेळ मांडून दाखवा. मी नऊ जागा मागितल्या तेव्हा पहिल्यांदा चारच मिळाल्या. उरलेल्या पाचही जागा सहा महिन्यांनी मिळाल्या, कारण तोवर ओव्हरटाइमचा हिशेब माझ्याकडे तयार होता.

सगळ्यांनीच या शिडीने वर जावं असं नाही. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, क्वालिटी विभाग ही सगळी आयसीयूतून निघणारी नेतृत्वाचीच पदं आहेत. पुण्यात प्रत्यारोपण समन्वयकाचं कामही आहे. इथलं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र रुग्णालयांमधल्या समन्वयकांबरोबर काम करतं. ब्रेन डेड पेशंटची काळजी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणं, दोन्ही जमणारी सिस्टर तिथे फार मोलाची ठरते.

इनचार्ज झाल्यावर आठवड्यातून एक शिफ्ट पूर्ण पेशंट घ्या, हे मी माझ्या प्रत्येक इनचार्जकडून लिहून घेते. त्या दिवशी युनिट दुसऱ्या कोणाकडे द्या. तिला शिफ्ट वाटून द्यायला, सुपरवायझरशी भांडायला, रोस्टर बसवायला शिकवा, आणि मध्ये पडू नका. मग वर्षातून एकदा दहा दिवसांची सलग रजा घ्या. जाताना तिच्याकडे चार गोष्टी लिहून द्या: चालू असलेले वाद, अडकलेली खरेदी आणि दुरुस्तीला गेलेली मशिन, घरी काही अडचण असलेल्या मुली, आणि ज्या पेशंटच्या नातेवाइकांशी रोज बोलावं लागतं ते बेड. फोन चालू ठेवा, पण स्वतःहून करू नका. परत आल्यावर पहिल्या दिवशी तिला विचारा, कुठल्या वेळी मला फोन करावासा वाटला आणि तरी केला नाहीस. तिच्या उत्तरातून तिला पुढचे सहा महिने काय शिकवायचं ते कळेल.